गेला तो भरलेला, राहिला तो रिकामा

ऐरोलीचं माइंडस्पेस, महापे इथलं मिलेनियम बिझनेस पार्क किंवा वाशी स्टेशनावरचं इन्फोटेक पार्क, कुठल्याही इमारतीत जा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टेबलांवर एक कोडं कधी ना कधी पडलेलं असतं. समजा, बसच्या वेळा दाखवणाऱ्या एका अ‍ॅपचं काम चालू आहे. टीममधल्या एका मुलीनं स्वतःच्या ब्रांचवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखेवर, सहा कमिट केले. तिसऱ्या कमिटमध्ये तिनं एका थांब्याचं चुकलेलं नाव दुरुस्त केलं, ‘कोपरखेरणे’चं ‘कोपरखैरणे’. पाचव्यात तिनं कोडची एक ओळही बदलली नव्हती. फक्त शेरा होता, ‘बिल्ड पुन्हा चालवण्यासाठी’. संध्याकाळी तिनं ‘गिट रिबेस’ ही आज्ञा दिली आणि सहाचे पाच झाले. गळला तो तिसरा कमिट, ज्यात खरं काम होतं. पाचवा, ज्यात काहीच नव्हतं, तो मात्र शाबूत राहिला.

हा उलटा न्याय वाटतो. प्रत्यक्षात गिटनं दोन्ही वेळा बरोबर केलं. ते का, हे समजायला आधी दोन गोष्टी पाहू: कमिट म्हणजे नेमकं काय, आणि तो रिकामा आहे असं कधी म्हणायचं.

उतारा आणि फेरफार

गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या खासगी प्रणालीची मोफत सवलत बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं. काही महिन्यांतच, जुलै २००५ मध्ये, त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. आज नवी मुंबईतल्या लहानमोठ्या आयटी कंपन्यांचा दिवस गिटवाचून सुरू होत नाही.

गिटचं काम समजायला संगणकाची गरज नाही. ज्या जमिनीवर ही ऑफिसं उभी आहेत तिच्या कागदपत्रांकडे पाहिलं तरी पुरे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढे ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नवी मुंबई म्हणून ठरला. त्या गावांतल्या शेतजमिनींना सातबारा होता. सातबारा उतारा सांगतो की आज जमीन कोणाच्या नावावर आहे. ती तिथवर कशी आली हे सांगते फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. वडील वारले, वारसांची नावं लागली: एक फेरफार. जमीन विकली: दुसरा. संपादन झालं: तिसरा. तलाठी नोंद धरतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी येतो.

गिटमध्ये प्रकल्पाच्या फाइली म्हणजे उतारा आणि कमिट म्हणजे फेरफार. कोणी केला, कधी केला, कशासाठी केला याचा शेरा आणि आधीचा कमिट कोणता याचा दुवा, एवढं प्रत्येक कमिटमध्ये असतं.

एक फरक मात्र इथेच लक्षात घ्यायला हवा. कमिटमध्ये ‘काय बदललं’ तेवढंच साठवलेलं असेल असं वाटतं, पण तसं नसतं. प्रत्येक कमिट त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींची अवस्था धरून ठेवतो. म्हणजे तलाठ्यानं प्रत्येक फेरफारासोबत गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांची नक्कल जोडावी तसं. न बदललेली फाइल गिट पुन्हा साठवत नाही, जुन्याच प्रतीकडे बोट दाखवतं, म्हणून जागा फारशी लागत नाही. स्क्रीनवर लाल-हिरव्या ओळींत दिसणारा ‘बदल’ कुठेही साठवलेला नसतो. आधीची नक्कल आणि ही नक्कल शेजारी ठेवून तो दरवेळी काढला जातो.

रिकामा, पण कोणाच्या तुलनेत?

रिकामा कमिट म्हणजे ज्यात फाइली नाहीत असा कमिट नव्हे. त्यातही अख्खा प्रकल्प असतो. त्याची अवस्था आधीच्या कमिटच्या अवस्थेशी तंतोतंत जुळते, म्हणून वजाबाकी शून्य येते आणि आपण त्याला रिकामा म्हणतो.

रिकामेपण त्या कमिटच्या पोटात नसतं. ते त्याच्या आणि त्याच्या आधीच्या कमिटच्या नात्यात असतं. साहजिकच आधीचा कमिट बदलला की आज भरलेला असलेला कमिट उद्या रिकामा ठरू शकतो. इतिहास पुन्हा लिहिणं म्हणजे नेमकं हेच: कमिटचे ‘आधीचे’ बदलणं. त्यामुळे इतिहासाची फेरमांडणी आणि रिकामे कमिट यांची गाठ पडल्यावाचून राहत नाही.

मुद्दाम केलेला रिकामा कमिट

एरवी गिट रिकामा कमिट करूच देत नाही. काही बदललं नसताना कमिट करायला गेलात तर ‘नोंदवण्यासारखं काही नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतं. तरीही करायचाच असेल तर ‘--अलाउ-एम्प्टी’ असं स्पष्ट सांगावं लागतं. असा कमिट हातून चुकून घडणं अवघड आहे. त्यामागे कोणाचा तरी हेतू असतो.

हेतू वेगवेगळे असतात. सर्वांत नेहमीचा म्हणजे अडकलेला बिल्ड, म्हणजे कोडपासून अ‍ॅप बनवून तपासण्याची प्रक्रिया, हलवणं. नवा कमिट आला की चाचण्या आपोआप सुरू होतात, म्हणून ‘एक एम्प्टी कमिट मार, बघू सुटतो का’ हे वाक्य ऑफिसात सर्रास ऐकू येतं. काही टीम नवा प्रकल्प सुरू करताना पहिलाच कमिट रिकामा ठेवतात, म्हणजे पुढे अगदी पहिल्या फाइलीपासून फेरमांडणी करायची झाली तरी खाली पाया असतो. काही जण एखादा निर्णय किंवा टप्पा नोंदवण्यासाठी तो करतात: ‘इथून पुढे जुनी तिकीट पद्धत बंद’. सबव्हर्जनसारख्या जुन्या प्रणालीतून गिटमध्ये आणलेल्या इतिहासातही रिकामे कमिट सापडतात. सबव्हर्जन रिकामं फोल्डर नोंदवू शकतं, गिट नोंदवत नाही. ज्या नोंदीत फक्त रिकामं फोल्डर बनवलं होतं, तिच्यातलं गिटकडे काहीच येत नाही.

फेरफार नोंदवहीतही असा प्रकार असतो. हरकत येते आणि नोंद नामंजूर होते. सातबाऱ्यावर काहीच बदलत नाही, तरी वहीतून ती नोंद कोणी फाडत नाही. क्रमांक राहतो, शेरा राहतो, आणि असा प्रयत्न झाला होता व तो का फेटाळला हे पुढच्या माणसाला कळतं. तिथे मजकूर म्हणजे शेराच.

इतिहास पुन्हा लिहायचा कशाला?

जमिनीच्या दप्तरात जुनी नोंद चुकली तर ती खोडत नाहीत. नवी नोंद घालून दुरुस्त करतात. गिटमध्येही ‘रिव्हर्ट’ हा तसाच सभ्य मार्ग आहे. पण गिट वही पुन्हा लिहायचीही मुभा देतं, आणि तीन प्रसंगी ती वापरली जाते.

पहिला प्रसंग रोजचा. मी माझ्या ब्रांचवर काम करत असताना मुख्य ब्रांच पुढे गेली. माझे कमिट उचलून तिच्या ताज्या टोकावर पुन्हा एकेक करून मांडायचे, यालाच रिबेस म्हणतात. दुसरा प्रसंग घाबरवणारा. कोणीतरी पासवर्डची फाइल किंवा अवाढव्य व्हिडिओ कमिट केला आणि तो इतिहासाच्या प्रत्येक पानावरून काढायचा आहे. तिसरा प्रसंग वाटणीचा. मोठ्या प्रकल्पातलं एक फोल्डर त्याच्या इतिहासासकट वेगळ्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या वेगळ्या संग्रहात, न्यायचं आहे.

तिन्ही वेळा एक गोष्ट समान असते. प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून काढलेली, सहसा चाळीस अक्षरांची, ओळख असते, तिला हॅश म्हणतात. आधीच्या कमिटचा हॅशही त्या मजकुरात धरलेला असतो. त्यामुळे मध्ये एक कमिट बदलला की पुढच्या सगळ्यांचे हॅश बदलतात. जुने कमिट दुरुस्त होत नाहीत, त्यांच्या जागी नवे बनतात. म्हणूनच इतरांनी घेतलेल्या ब्रांचचा इतिहास परस्पर बदलणं टीममध्ये गुन्हा मानतात.

आपसूक रिकामा झालेला कमिट

आता त्या तिसऱ्या कमिटकडे वळू. मुलगी आपल्या ब्रांचवर काम करत असताना प्रवाशांची तक्रार आली आणि सहकाऱ्यानं घाईनं तीच दुरुस्ती थेट मुख्य ब्रांचवर केली. रिबेसच्या वेळी मुख्य ब्रांचवर ‘कोपरखैरणे’ आधीच बरोबर होतं. तिचा तिसरा कमिट तिथे मांडला तर बदलायला काही उरत नाही.

गिट हे दोन टप्प्यांत ओळखतं. कमिट मांडण्याआधीच ते दोन्ही ब्रांचमधल्या बदलांचे ठसे काढून पाहतं. हे ठसे काढताना ओळींचे क्रमांक धरत नाहीत, म्हणून तीच दुरुस्ती फाइलीत चार ओळी वरखाली असली तरी ओळखू येते. ठसा जुळला तर तो कमिट यादीतूनच वगळला जातो आणि तशी सूचना स्क्रीनवर येते.

ठसा न जुळताही कमिट रिकामा होऊ शकतो. समजा, सहकाऱ्यानं एकाच कमिटमध्ये पाच थांब्यांची नावं सुधारली. आता दोन बदल सारखे नाहीत, पहिली चाळणी हुकते. मग गिट तिसरा कमिट प्रत्यक्ष मांडायला घेतं, तेव्हा दिसतं की परिणाम शून्य आहे. एखादी ब्रांच मुख्य ब्रांचमध्ये एकाच कमिटमध्ये दाबून घेतली, ज्याला स्क्वॉश म्हणतात, आणि नंतर तीच ब्रांच रिबेस केली, की अशा रिकाम्या कमिटांची रांग लागते.

अर्धवट प्रकार अधिक फसवा असतो. तिसऱ्या कमिटमध्ये नावाच्या दुरुस्तीसोबत भाड्याचीही एक ओळ असती, तर रिबेसनंतर भाड्याची ओळ उरली असती आणि शेरा मात्र ‘थांब्याचं नाव सुधारलं’ असाच राहिला असता. तो कमिट रिकामा नाही, म्हणून गिट काहीच बोलत नाही. अशा वेळी शेरा माणसानंच बदलायचा.

दिसायला सारखे, कारण वेगळं

नव्या जागी मांडून तिसरा आणि पाचवा, दोन्ही कमिट तपासले तर दोघांचीही वजाबाकी शून्य. फरक त्यांच्या मागच्या आयुष्यात आहे. पाचवा जन्मापासून रिकामा होता, कोणीतरी हट्टानं तसा केला होता. तिसरा जन्मला तेव्हा भरलेला होता, त्याचं काम दुसरीकडे आधीच झाल्यामुळे तो रिकामा ठरला. पाचवा टाकला तर माहिती जाते. तिसरा टाकला तर काही जात नाही, उलट तो ठेवला तर ‘नाव सुधारलं’ म्हणणारी आणि काहीही न सुधारणारी नोंद वाचणाऱ्याची दिशाभूल करते.

हा भेद गिटला सुरुवातीपासून नीट सांभाळता येत नव्हता. रिबेसची जुनी रीत प्रत्येक कमिटचा आधी पॅच, म्हणजे फक्त बदलांचा कागद, बनवायची आणि ते कागद क्रमानं नव्या जागी लावायची. मुद्दाम केलेल्या रिकाम्या कमिटचा कागद कोराच निघणार. लावायला काही नाही, म्हणून तो वाटेतच गळायचा. २०१२ मध्ये रिबेसला ‘--कीप-एम्प्टी’ हा पर्याय मिळाला. एक कमिट उचलून दुसरीकडे लावणाऱ्या ‘चेरी-पिक’लाही त्याच सुमारास रिकामे कमिट राखण्याचे पर्याय आले. तरी ते आठवणीनं सांगावं लागे.

मोठा बदल मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, गिट २.२६ आवृत्तीत झाला. रिबेसनं पॅचची रीत मागे टाकून मर्जची, म्हणजे दोन अवस्था जुळवून एकत्र करण्याची, रीत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली आणि दोन्ही प्रकारच्या रिकाम्या कमिटांसाठी वेगळे नियम आले. जन्मापासून रिकामे असलेले कमिट आपोआप राखले जाऊ लागले. ते नको असतील तर ‘--नो-कीप-एम्प्टी’ सांगायचं. नंतर रिकामे होणाऱ्यांसाठी ‘--एम्प्टी’ हा पर्याय आला. ‘ड्रॉप’ म्हणजे टाका, ‘कीप’ म्हणजे ठेवा, आणि तिसरा म्हणजे थांबा व मला विचारा. या तिसऱ्याचं नाव आधी ‘आस्क’ होतं, आता ‘स्टॉप’ आहे. साध्या रिबेसमध्ये ‘ड्रॉप’ गृहीत धरतात. कमिटांची यादी संपादकात उघडून एकेकाचा निर्णय माणूस घेतो त्या ‘इंटरॅक्टिव्ह’ रिबेसमध्ये गिट थांबून विचारतं. त्या यादीत जन्मतः रिकाम्या कमिटपुढे तशी खूणही असते. २०२४ मधल्या २.४५ आवृत्तीत हाच ‘--एम्प्टी’ पर्याय चेरी-पिकलाही मिळाला.

जुजुत्सु ही नवी प्रणाली रिकाम्या कमिटला मुळीच नाकारत नाही. तिथे चालू काम हाच एक कमिट असतो आणि नवं काम रिकाम्या कमिटनंच सुरू होतं. तरी तिच्या रिबेसमधला ‘--स्किप-एम्प्टीड’ हा पर्याय फक्त रिबेसमुळे रिकामे झालेले कमिट टाकतो, आधीपासून रिकामे असलेले नाही. वेगळ्या विचारातून आलेली प्रणालीही त्याच भेदाशी येऊन पोचली.

मोठी साफसफाई

रिबेसमध्ये प्रश्न चार-सहा कमिटांचा असतो. वाटणीच्या वेळी तो हजारोंचा होतो. समजा, बसच्या अ‍ॅपच्या रेपोत हजार कमिट आहेत आणि तिकिटांच्या फोल्डरला त्यातले शंभरच शिवले आहेत. ते फोल्डर वेगळं काढलं की उरलेल्या नऊशे कमिटांना नव्या रेपोत बदलायला काही नसतं. ते सगळे ठेवले तर तिकिटांचा इतिहास शोधणाऱ्याला दहा पानं उलटल्यावर एक कामाची नोंद मिळेल.

या कामाचं जुनं साधन ‘फिल्टर-ब्रांच’. त्याच्या ‘--प्रून-एम्प्टी’ पर्यायाला भेद कळत नाही. मर्ज सोडून सगळे रिकामे कमिट तो छाटतो, मग कोणी मुद्दाम केलेले का असेनात. २०१९ मधल्या गिट २.२४ पासून गिट स्वतःच फिल्टर-ब्रांच वापरू नका असा इशारा देतं आणि एलायजा न्यूरेन यांच्या ‘फिल्टर-रेपो’कडे बोट दाखवतं. फिल्टर-रेपोत तीन पर्याय आहेत. ‘ऑलवेज’ सगळे रिकामे छाटतो, ‘नेव्हर’ एकही छाटत नाही. न सांगता चालणारा ‘ऑटो’ फक्त गाळणीमुळे रिकामे झालेले छाटतो. जन्मतः रिकामा कमिट तो राखतो, पण त्याच्या आधीचा कमिटच छाटला गेला असेल तर तोही जातो. ज्या कामावर शेरा मारला होता ते कामच नव्या रेपोत नसेल, तर शेऱ्याला तिथे अर्थ उरत नाही.

मर्जचं प्रकरण नाजूक आहे. दोन ब्रांच एकत्र आल्या हीच मर्जची माहिती. त्यामुळे फाइली न बदलणारा मर्जही रिकामा म्हणून टाकता येत नाही. पण छाटणीनंतर एका बाजूचे सगळे कमिट गेले, तर जोडायला दुसरी बाजूच उरत नाही. फिल्टर-रेपो असे अर्थ गमावलेले मर्ज वेगळे ओळखून काढतं.

सबव्हर्जनमध्ये याच्या उलट सवय दिसते. तिथे नोंदींना १, २, ३ असे सरळ क्रमांक असतात, अगदी फेरफारासारखे. मधली नोंद काढली तर पुढचे क्रमांक सरकतील आणि ‘नोंद ४१२ पाहा’ असं लिहिलेला प्रत्येक कागद खोटा पडेल. म्हणून त्याचं गाळणीचं साधन रिकाम्या झालेल्या नोंदी मुळातच काढत नाही. ‘ही भरतीची रिकामी नोंद आहे’ अशा अर्थाचा शेरा घालून जागा धरून ठेवतं. त्या काढायच्या आणि क्रमांक नव्यानं द्यायचे तर तसं वेगळं सांगावं लागतं.

| प्रसंग | काय करावं |
|---|---|
| बदल मुख्य ब्रांचवर आधीच आहे | रिकामा झालेला कमिट जाऊ द्या |
| निर्णय किंवा टप्पा नोंदवणारा रिकामा कमिट | राखा |
| बिल्ड हलवण्यापुरता केलेला | काम झाल्यावर, मर्जच्या आधी काढा |
| गुंता सोडवताना रिकामा झाला | थांबा, सोडवणूक तपासा, मग ठरवा |
| फोल्डर वेगळं काढताना | ‘ऑटो’वर सोडा |
| जुन्या-नव्या कमिटांची एकास एक जोडी हवी | ‘नेव्हर’ वापरा |

यंत्राला न कळणारं

चौथी ओळ विशेष जपायची. दोन बदलांची टक्कर होते, म्हणजे कॉन्फ्लिक्ट येतो, तेव्हा घाईत ‘मुख्य ब्रांचवरचं ठेव’ असं म्हणून आपण आपलाच बदल फेकून देतो आणि कमिट रिकामा होतो. काम दुसरीकडे झालेलं असल्यामुळे तो रिकामा झाला की आपण हरवल्यामुळे, हे गिटला सांगता येत नाही. चेरी-पिक अशा वेळी थांबतं आणि ‘कदाचित गुंता सोडवताना रिकामा झाला असावा’ असं सुचवतं. ते ‘कदाचित’ वाचून एकदा फाइल उघडून पाहावी.

पासवर्डच्या बाबतीत आणखी एक दक्षता. फाइल गाळली, रिकामे कमिट छाटले, तरी कोणी शेऱ्यातच पासवर्ड लिहिला असेल तर तो वेगळा शोधावा लागतो. आणि इतिहास कितीही धुतला तरी ज्यांनी आधी प्रत घेतली त्यांच्याकडे तो आहेच. म्हणून आधी पासवर्ड बदलायचा, साफसफाई नंतर.

मुद्दाम रिकामा कमिट करणाऱ्यानं शेऱ्यात कारण पूर्ण लिहावं. ‘टेस्ट’, ‘ट्रिगर’, ‘पुन्हा’ असे शेरे पाच वर्षांनी रेपो वेगळा काढणाऱ्याला काही सांगत नाहीत, आणि तो ते बिनदिक्कत छाटेल. भरलेल्या कमिटचा शेरा त्रोटक असला तरी कोड वाचून अंदाज बांधता येतो. रिकाम्या कमिटमध्ये वाचण्यासारखं दुसरं काहीच नसतं. तो राखायचा की टाकायचा, हे नंतरच्या माणसाला त्या एका ओळीवरूनच ठरवावं लागतं.